स्पीकरची तार

होडीवरचा बोलता डबा दुरुस्तीला उघडला की दत्ताराम चोगले सगळ्यात आधी स्पीकरची तार सोडवून ठेवायचा. पूर्वी असं नव्हतं. मे महिन्यात त्याची बायको शेवंती तापाने गेली, तेव्हापासून ही सवय लागली. गिऱ्हाइकाने विचारलंच तर म्हणायचा, "काम करताना आवाज नको." गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे. आगरबंदरात सगळ्यांना ठाऊक होतं, आवाज कुणाचा ते.

त्या दिवशी टेबलावर होता तो त्याच्या मुलाच्या होडीचा डबा. केतनची 'गजलक्ष्मी' जेटीला बांधलेली असताना शेजारच्या खांबावर वीज पडली होती. होडी वाचली. होडीवरचा वायरलेस सेट जळाला आणि डबा मुका झाला. वायरलेस दुरुस्तीला रत्नागिरीला गेला, तो अजून तिकडेच होता. डबा बापाच्या दुकानात आला.

"उद्या सकाळी निघायचंय," केतन दारातूनच म्हणाला. "बर्फ सांगून ठेवलाय. होईल ना?"

"बघतो."

"काय गेलंय?"

"मेमरी चिप." दत्तारामने भिंगातून मान वर काढली नाही.

"म्हणजे आईचा आवाज गेला?"

"इक्बालच्या डब्यात आहे ना. तिथून घेतो."

"हां." केतनने पायानेच चपला सारख्या केल्या. "जेवलास काय?"

"जेवलो."

सकाळी केतनच्या बायकोने आणून ठेवलेला जेवणाचा डबा कोपऱ्यात तसाच बंद होता. केतनने तो बघितला. बापाशी सध्या कुणी फार बोलत नसे. बोललेलं त्याला ऐकू जायचं, उत्तरही यायचं, पण विहिरीत टाकलेला दगड तळाला लागल्याचा आवाज न यावा, तसं काहीतरी व्हायचं.

या यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. बंदरात सगळे त्याला हाकडबा म्हणत. २०३४ सालापासून तो प्रत्येक होडीवर सक्तीचा झाला. त्याआधी हवामानाचा इशारा यायचा तो सगळ्या किनाऱ्याला मिळून एकच. कुठेतरी वारा सुटणार म्हणून दहा बंदरं बंद राहायची आणि वारा येऊन जायचा अकराव्यात. हाकडब्याने ते बदललं. डबा दर थोड्या वेळाने आपला नंबर आणि आपली जागा वर उपग्रहाला कळवतो. केंद्रातली यंत्रं त्या होडीभोवतीच्या चिमूटभर समुद्राचा हिशेब करतात आणि उत्तर त्या नंबरावर खाली पाठवतात. उपग्रहाकडून येणारं सगळं सगळ्याच डब्यांच्या अंगावर पडतं, पण ज्याचा नंबर असेल तोच डबा ते उघडतो. नवीन उत्तर आलं की जुनं रद्द होतं.

हजारो होड्यांना बोललेले शब्द पाठवायचे तर उपग्रह पुरा पडणार नाही. म्हणून येतात ते फक्त आकडे. वारा किती, कुठून, केव्हा. त्या आकड्यांची वाक्यं डबा स्वतः करतो आणि बोलतो. पहिल्या वर्षी तो यंत्राच्या सपाट आवाजात बोलायचा आणि होड्या चालवणारे तांडेल लोक त्याच्यावर गोणपाट टाकून ठेवायचे. तेव्हा कुणा अभ्यासकांच्या ध्यानात आलं की परक्या आवाजातला इशारा माणूस ऐकतो आणि सोडून देतो. घरच्या माणसाची हाक आली तर हात थांबतो. मग प्रत्येक होडीसाठी घरातल्या एकाने तासभर बसून वाक्यं वाचायची, असं ठरलं. त्या वाचण्यातून यंत्र आवाजाचा साचा काढतं. आवाज कुठे चढतो, कुठला स्वर लांबतो, श्वास कुठे घेतला जातो. मोदकाच्या साच्यात सारण कुठलंही भरा, कळ्या त्याच पडतात. तसा तो साचा मेमरी चिपमध्ये बसतो आणि त्या माणसाने जन्मात कधी न उच्चारलेलं वाक्य त्याच्याच आवाजात बाहेर येतं.

शेवंती जेटीवर मासळीचा लिलाव पुकारायची. तिचा आवाज बर्फाच्या कारखान्यापर्यंत जायचा. 'गजलक्ष्मी'साठी तिने वाचलं, तेव्हा इक्बाल होडेकर तिथेच बसला होता. इक्बाल 'अल-रहमत'चा तांडेल, दत्तारामचा लहानपणापासूनचा मित्र. तो म्हणाला, "वहिनी, माझ्या डब्यातपण तूच बोल."

"का? जुबेदा मुकी झाली काय?"

"ती घरात बोलते तेवढं पुरे हाय. समुद्रावर तरी मला सुखाने राहू दे."

"आणि मी बोललेलं चालेल?"

"तू बोललीस की बंदर हलतं. मी कोण नाय म्हणणारा?"

शेवंती हसत सुटली होती. ते हसणंसुद्धा यंत्राने टिपलं आणि मग चूक म्हणून पुसून टाकलं. त्या दिवसापासून सकाळी जेटीवर दोन होड्यांमधून तिचा आवाज यायचा. मे महिन्यानंतरही येतच राहिला. दत्तारामने दुकानात जायची वाट बदलली. जेटीवरून सरळ रस्ता होता. तो आता बर्फाच्या कारखान्यामागच्या बोळातून, चिखल तुडवत जायचा.

इक्बालच्या डब्यातला मजकूर काढून घ्यायला वेळ लागला नाही. त्याच बनावटीचा डबा, तीच चिप. दत्तारामने नव्या चिपवर तो जसाच्या तसा उतरवला, इक्बालचा डबा परत पाठवला, आणि केतनच्या डब्यातली जळकी चिप गरम हवेने सोडवून तिथे नवी बसवली. खरी डोकेदुखी पुढे झाली. डबा सुरू केला तर दिवा लागेना. चिपला येणारा वीजदाब मोजला, बरोबर होता. चिप उलटी बसली काय, म्हणून भिंगातून पाहिलं, दिशा दाखवणारा ठिपका जागेवर होता. पुन्हा सोल्डर केलं तेव्हा दिवा लागला, पण तांबडा. म्हणजे डब्याला उपग्रह दिसतोय, पण पकडता येत नाही. अँटेनाची वायर बदलली. तरी तांबडाच. अँटेना दाराबाहेर मोकळ्या आभाळाखाली नेऊन ठेवली. तरी तांबडाच. शेवटी चिपचा एकेक पाय तपासताना दोन पायांमध्ये केसासारखा सोल्डरचा तंतू सापडला. तो तांब्याच्या जाळीने उचलून घेतला, आणि दिवा पिवळा झाला.

पिवळा म्हणजे चाचणीला तयार. चाचणीचं बटण दाबलं की डबा आपला नंबर आणि त्या नंबरावर नोंदलेलं होडीचं नाव बोलून दाखवतो, आणि विचारतो, आवाज स्पष्ट ऐकू येतो का? समोरच्या माणसाने तोंडाने 'होय' म्हटलं की दिवा हिरवा होतो. त्याशिवाय होतच नाही. कुणी न ऐकता डबा होडीवर चढवू नये, म्हणूनच ती सोय केलेली होती.

दत्तारामने बटण दाबलं. स्पीकरची तार बाजूला सुटलेलीच होती. डबा काही क्षण नुसता गप्प बसला, म्हणजे बोलत होता. पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

"होय," दत्ताराम म्हणाला.

दिवा हिरवा झाला. मग त्याने स्पीकरची तार जोडली, झाकण लावलं आणि डबा केतनकडे धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतन चार खलाशी घेऊन सुरमईसाठी वायव्येकडे, लांब गेला. इक्बाल दक्षिणेला, किनाऱ्याला धरून कोळंबीसाठी गेला. ऑक्टोबरची उन्हं होती. आभाळात काही नव्हतं.

दुपारी दुकानाच्या फळीवर इक्बालने हात आपटला.

"दत्ताराम, तुझ्या बायकोला झालंय तरी काय रे?"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. "माफ कर. डब्याबद्दल म्हणतोय."

"काय झालं?"

"सकाळपासून नुसता घोळ. 'माघारी फिरा' म्हणाली. मी जाळं ओढायला घेतलं. निम्मं वर आलं तर म्हणते, 'आधीची सूचना रद्द, समुद्र शांत.' परत सोडलं. तर 'माघारी फिरा.' असं तीनदा झालं. खलाशी हसायला लागले. अरे, वहिनी जित्तेपणी लिलावात एकदा भाव बोलली की बाप आला तरी फिरवायची नाय. म्हटलं डबाच बिघडलाय. आलो परत."

"समुद्र कसा होता?"

"ताटासारखा. वारा म्हणशील तर विडी पेटवायला हाताचा आडोसा नको."

दत्तारामच्या हातात चिमटी होती. ती त्याने खाली ठेवली. टेबलाच्या कडेला कालची जळकी चिप पडली होती, तिच्याकडे तो पाहत राहिला.

प्रत्येक डब्याच्या बुडाला पत्र्यावर नंबर ठोकलेला असतो. दुसऱ्या डब्यातला मजकूर उतरवला की त्यातला नंबर खोडून हा पत्र्यावरचा नंबर घालायचा. अशी कामं त्याने कितीतरी केली होती. काल तो सोल्डरच्या तंतूमागे लागला आणि नंबर घालायचा राहिला. चाचणीत डबा बोलला असणार. शेवंतीच्या आवाजात स्वच्छ 'अल-रहमत' म्हणाला असणार.

"तुझा डबा बिघडलेला नाही," तो म्हणाला. "केतनकडे आणि तुझ्याकडे एकच नंबर आहे."

"म्हणजे?"

"माघारी फिरा, ते केतनला होतं. समुद्र शांत, ते तुला. दोन्ही दोघांना ऐकू जातंय."

इक्बालला समजायला क्षणभर लागला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू उतरलं. "म्हणजे पोराला 'फिर' म्हणून सांगतेय, आणि माझ्यापायी 'रद्द' म्हणतेय?"

"दर वेळी."

"वायरलेसवर हाक मारतो."

"त्याचा सेट रत्नागिरीला."

"त्या बाजूला दुसरं कुणी असेल तर..."

"तुझा डबा चालू आहे?"

"होडीवर. बंद कशाला करू?"

दत्ताराम उठला. चपला न घालता निघाला. बोळाकडे न वळता तो सरळ जेटीच्या रस्त्याने पळाला. वयाला आणि गुडघ्यांना ते शोभणारं नव्हतं. बर्फ फोडणाऱ्या बायका वाटेतून बाजूला झाल्या. इक्बाल मागून धापा टाकत येत होता. "काय करणार हायस?" तो ओरडत होता. "तुझा डबा बोलायचा बंद करायचा," दत्ताराम म्हणाला, पण इतक्या हळू की ते त्याचं त्यालाच ऐकू गेलं.

'अल-रहमत' जेटीच्या टोकाला बांधलेली होती. फळीवरून तो होडीत उतरला आणि केबिनच्या दारात थबकला.

"आधीची सूचना रद्द," शेवंती म्हणाली. "वारा मंद. समुद्र शांत. मासेमारी चालूऽ ठेवायला हरकत नाही."

'चालू'मधला ऊ ती ओढायची. पुढे श्वास कुठे घेणार, तेही त्याला माहीत होतं. आणि तिथेच घेतला.

त्याने डब्याची विजेची तार धरून उपटली. शेवंती बोलतच राहिली. "पुढील सूचना मिळेपर्यंत..." डब्यात बॅटरी असते. समुद्रावर होडीची वीज गेली तरी डबा बंद पडू नये, म्हणून दिलेली. त्यानेच कितीतरी डब्यांत ती बदलली होती.

"सुरी दे," तो म्हणाला.

इक्बालने मासे कापायची सुरी दिली. स्क्रू गंजलेले होते. सुरीचं टोक निसटून दत्तारामच्या अंगठ्याला लागलं, त्याने ते पाहिलं आणि पुन्हा टोक खाचेत बसवलं. दोन स्क्रू निघाले, तिसरा जागेवरच फिरत राहिला. त्याने झाकण वाकवून वर उचललं. तेवढ्यात डब्याने तीनदा घंटा वाजवली.

"माघारी फिरा," शेवंती म्हणाली. हा तिचा दुसरा आवाज. लिलावात कुणी गडबड केली की काढायची तो. "वायव्येकडून वादळी वारा येत आहे. जाळं असेल तिथे सोडा. माघारी..."

हेच शब्द याच क्षणी केतनच्या केबिनमध्ये ऐकू येत होते. दत्तारामचा हात बॅटरीवर होता. वाक्य पुरं होईपर्यंत थांबला असता तरी कदाचित चाललं असतं. पण डबा पुन्हा आपली जागा वर कळवणार कधी, ते बाहेरून समजत नाही. त्याने बॅटरी ओढून काढली.

केबिनमध्ये पाण्याचा आवाज तेवढा उरला.

"झालं?" इक्बालने विचारलं.

"आता रद्द म्हणणारं कुणी नाही. त्याने ऐकलं तर."

इक्बालने वायरलेसवर हाक मारली. एकदा, दोनदा, मग सारखीच. त्या बाजूच्या कुठल्याही होडीचं उत्तर आलं नाही. दत्ताराम जेटीच्या कडेला जाऊन बसला. अंगठ्याला इक्बालने फडक्याची चिंधी बांधली, ती त्याने बांधू दिली. इक्बालने पुढे केलेली तंबाखूही घेतली, पण हातातच धरून ठेवली.

"काल चाचणी केली नव्हतीस?"

"केली."

"मग नाव बोलला नाय तो?"

"तार काढली होती."

"आणि होय कोण म्हणालं?"

"मी."

इक्बालने त्याच्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे. वायव्येला पाण्यालगत एक काळी रेघ उमटली होती. बघता बघता ती जाड झाली. मग तिच्या पुढचं पाणी पांढरं दिसायला लागलं. जेटीवरच्या बायकांनी ताडपत्र्या बांधायला घेतल्या. वारा आला तो एकदमच आला. रिकाम्या टोपल्या फळीवरून गडगडत पाण्यात गेल्या. दत्ताराम हलला नाही. त्याला वाटत होतं की आपल्याला भीती वाटायला हवी. पण आत कुठेच काही हलत नव्हतं. डोळे तेवढे जळत होते, ते मिठाने असेल.

'गजलक्ष्मी' दिसली ती पावसाच्या पडद्यातून, खाडीच्या तोंडाशी, एका अंगाला कललेली. इक्बाल त्याच्या खांद्यावर बुक्क्या मारत ओरडत होता. होडी जेटीला लागली तेव्हा केबिनची काच फुटलेली होती. दत्तारामने वर येणारी माणसं मोजली. चार खलाशी. मग केतन.

"बाबा!" केतन भिजून थरथरत होता. "आईने आज वेड लावलं. फिर म्हणते, नको म्हणते. मग दुपारी एकदा म्हणाली माघारी फिरा. आम्ही रद्दची वाट बघत बसलो. म्हटलं, आत्ता म्हणेल. नाय म्हणाली. बराच वेळ रद्द म्हणालीच नाय. उलट परत फिराच म्हणाली. तेव्हा मी जाळं कापलं."

"नंबर बदलायचा राहिला होता," दत्ताराम म्हणाला. "चूक माझी. मी ऐकलं नाही."

"चाचणी?"

"न ऐकताच होय म्हटलं."

पाणी केतनच्या नाकावरून गळत होतं. "चार माणसं होती बाबा माझ्याबरोबर," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "महादूची पोर दोन महिन्यांची हाय. तुला ऐकवत नव्हतं तर मला सांगायचंस. मी ऐकलं असतं."

"डबा काढून दे."

"आत्ता?"

"आत्ता."

संध्याकाळी दुकानात दोन डबे शेजारी शेजारी होते. दत्तारामने केतनचा उपडा करून पत्र्यावरचा नंबर फडक्याने स्वच्छ केला, एकेक आकडा मोठ्याने वाचत आत घातला, आणि इक्बालने तो पत्र्याशी ताडून पाहिला. केतन दारात कोरड्या कपड्यांत उभा होता, घरी जात नव्हता.

स्पीकरची तार झाकणाखाली जोडलेलीच होती. दत्तारामचा हात सवयीने तिच्याकडे गेला आणि तिथून चाचणीच्या बटणावर आला.

"गजलक्ष्मी," शेवंती म्हणाली. मग नंबर. मग, "आवाज स्पष्ट ऐकू येतो का?"

पिवळा दिवा लुकलुकत राहिला. इक्बालने खाली पाहिलं. केतनने तोंड उघडलं आणि मिटलं.

"उत्तर मिळालं नाही. आवाज स्पष्ट ऐकू येतो का?"

"होय," दत्ताराम म्हणाला.

"उत्तर नीट ऐकू आलं नाही. कृपया मोठ्याने सांगा."

तुम्ही पोटातल्या पोटात बोलता, असं ती त्याला जन्मभर म्हणत आली होती. दत्तारामने घसा साफ केला. चिंधी बांधलेला हात त्याने टेबलावर टेकवला.

"होय," तो मोठ्याने म्हणाला. "ऐकू येतंय."

दिवा हिरवा झाला. केतनने पुढे होऊन झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले आणि डबा उचलला. जाताना कोपऱ्यातला, आजही न उघडलेला जेवणाचा डबा त्याने बापाच्या समोर आणून ठेवला.

इक्बाल उठायला लागला, तसा दत्ताराम म्हणाला, "बस." त्याने 'अल-रहमत'चा डबा पुढे ओढला, वाकलेलं झाकण सरळ केलं, बॅटरी जागेवर घातली. बॅटरी काढली की चाचणी पुन्हा करावी लागते.

त्याने बटण दाबलं आणि ऐकायला बसला.